ब्लोअर फक्त चारवरच का चालतो?

भर पावसात आंबोली किंवा ताम्हिणीचा घाट चढताना गाडीचा ब्लोअर बंद पडला, तर पाच-दहा मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. गाडीत चार माणसे, भिजलेले कपडे, पायाशी ओल्या छत्र्या आणि बाहेरच्या गारव्याने थंड झालेली काच. श्वासातली वाफ काचेवर बसायला एवढे पुरते. फडक्याने पुसले की क्षणभर रस्ता दिसतो, पुन्हा धुके. एसीचे बटण दाबूनही काही होत नाही, कारण काचेवर कोरडी हवा नेऊन सोडणारा पंखाच थांबलेला असतो. आपल्याकडे गाडीचा हीटर थंडीतल्या थोड्या सकाळी लागतो. निफाडकडचे किंवा महाबळेश्वरचे लोक तो जरा जास्त वापरत असतील. ब्लोअर मात्र बारा महिने लागतो, आणि हीटरचा वेगळा, एसीचा वेगळा असा प्रकार बहुतेक गाड्यांत नसतोच. एकच मोटर, तिच्यावर एकच पंखा. म्हणून हीटरची गरम हवा येईनाशी झाली काय किंवा एसीची गार, पंखा फिरत नसेल तर शोध एकाच जागी घ्यायचा.

ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘मोटर गेली’ किंवा ‘रेझिस्टन्स उडाला’. दोन्ही खरे असू शकते. पण जळालेला भाग आणि ज्याच्यामुळे तो जळाला तो भाग, हे दोन वेगळे असू शकतात, आणि या छोट्याशा सर्किटमध्ये ते अनेकदा वेगळेच असतात. कारण न शोधता नवा रेझिस्टन्स बसवला तर काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो. मला ही तपासणी शिकण्याजोगी वाटते ती याचमुळे. हत्यारे थोडी लागतात, सर्किट साधे आहे, आणि विचाराचा क्रम नीट धरला तर एकही भाग उगाच बदलावा लागत नाही.

आधी जागा पाहू. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ब्लोअर सहसा डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर, ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत तो खाली झुकतो आणि मागे काळ्या प्लॅस्टिकचे मोठे घर दिसते. त्याच्या तळाशी गोल झाकणासारखा भाग असतो, त्यातून दोन जाड वायरींचा कपलर बाहेर आलेला असतो, ती मोटर. आत तिच्या दांड्यावर उभ्या बारीक पट्ट्यांचा गोल पिंजरा बसवलेला असतो. हा पंखा मधून हवा ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. ती हवा फिल्टरमधून, मग एसीच्या कुलिंग कॉइलमधून जाते, आणि हवी असेल तर पुढे हीटरच्या छोट्या रेडिएटरवरून, ज्यात इंजिनाचे गरम पाणी फिरत असते. तिथून काचेकडे, तोंडाकडे की पायाकडे जायचे हे आतल्या झडपा ठरवतात. फिल्टर काही गाड्यांत पंख्याच्या आधी असतो, काहींत नंतर.

हात घालण्याआधी एक सावधगिरी. डावीकडच्या डॅशबोर्डमध्ये, ग्लव्ह बॉक्सच्या वरच, प्रवाशाची एअरबॅग असते. २०२१ पासून ती नव्या गाड्यांत सक्तीची झाली आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत आहे. तिच्या कपलरचा रंग पिवळा असतो. पिवळ्या कपलरला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही, त्यात मीटरची टोके खुपसायची नाहीत. ब्लोअरपर्यंत पोचायला डॅशबोर्ड जास्त उघडावा लागणार असेल, तर चावी बंद करून बॅटरीचा मायनस काढावा, काही मिनिटे थांबावे आणि मगच स्क्रू सोडावेत.

आता तपासणी. पहिले हत्यार म्हणजे कान. इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ला घ्या, नॉब सर्वांत वरच्या वेगावर न्या आणि ऐका. मोटर फिरल्याचा आवाज येतो का? आवाज आहे पण हवा नाही, तर मोटर आणि तिचे सर्किट या दोघांनाही तूर्त बाजूला ठेवा. अडथळा हवेच्या वाटेवर आहे. फिल्टर धुळीने बुजलेला असेल, एखादी झडप अडकली असेल किंवा कुलिंग कॉइलवर बर्फ धरला असेल. बर्फाची खूण स्पष्ट असते: सुरुवातीला हवा चांगली येते, अर्ध्या-पाऊण तासाने मंद होत जाते, आणि एसी बंद करून थोडा वेळ नुसता पंखा चालवला की पुन्हा पूर्ववत होते. मोटरीचा दोष असा वेळापत्रक पाळून येत-जात नाही. तसेच, हवा भरपूर येते पण हीटर लावूनही ती गार आहे, तर दोष कूलंट, थर्मोस्टॅट किंवा गरम-गार करणाऱ्या झडपेत असतो. ब्लोअरचा त्यात काही संबंध नाही.

फिल्टरबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण त्याबद्दल एक चुकीचे स्पष्टीकरण फार रुळले आहे. ‘फिल्टर बुजला की मोटरीवर लोड येतो आणि ती जास्त करंट ओढते’ असे सर्रास सांगितले जाते. या जातीच्या पंख्यात घडते ते उलट. मोटरीचे काम हवा ढकलण्याचे. हवाच मिळाली नाही तर ढकलायला काही उरत नाही, लोड कमी होतो आणि पंखा आणखी जोरात फिरतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवून पाहा, आवाज बारीक आणि चढा होतो, तेच इथे होते. ब्लोअरचा आवाज नेहमीपेक्षा चढा आणि हवा मात्र कमी, असे झाले की आधी फिल्टर काढून पाहावा. मग बुजलेल्या फिल्टरने नुकसान होतच नाही का? होते, पण दुसऱ्या वाटेने. मोटर आणि रेझिस्टन्स दोन्ही थंड राहतात ते याच वाहत्या हवेमुळे. हवा कमी झाली की करंट न वाढताही ते तापत जातात.

रेझिस्टन्स तापतो म्हणजे काय होते, हे समजले की अर्धी तपासणी झालीच. ज्या गाड्यांत हाताने फिरवायचा एक ते चारचा नॉब आहे, त्यांत वेग कमी करण्याची रीत जुनी आणि सरळ आहे. मोटर बारा व्होल्टची. पूर्ण दाब दिला की ती पूर्ण वेगाने फिरते. वेग कमी हवा असेल तर वाटेत विरोध घालायचा, म्हणजे काही व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि मोटरीच्या वाट्याला कमी येतात. हा विरोध म्हणजे तारेच्या काही गुंडाळ्या किंवा सिरॅमिकची छोटी पट्टी. गॅरेजमध्ये याला रेझिस्टन्स म्हणतात. पहिल्या वेगाला करंट सगळ्या गुंडाळ्यांतून जातो, दुसऱ्याला त्यांतल्या कमी, तिसऱ्याला त्याहून कमी, आणि चौथ्या वेगाला रेझिस्टन्स पूर्ण वगळून करंट थेट मोटरीला.

आकडे मांडून पाहू. समजा इंजिन चालू आहे, दाब साडेतेरा व्होल्ट आहे आणि चारवर मोटर चौदा अँपिअर घेते. म्हणजे सुमारे १९० वॅट. तिसऱ्या वेगासाठी ०.६ ओहम मध्ये आले की करंट सातच्या आसपास उतरतो. त्या तारेत सव्वाचार व्होल्ट खर्च होतात आणि जवळजवळ ३० वॅट उष्णता निर्माण होते. पहिल्या वेगाला विरोध अडीच ओहम, करंट तीन अँपिअर, मोटरीला मिळतात सहा व्होल्ट आणि रेझिस्टन्समध्ये साधारण २२ वॅट उष्णता. गाडीगणिक हे आकडे बदलतील, पण चित्र हेच. एवढी उष्णता आत प्लॅस्टिकच्या घरात सोडायची, म्हणून रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेवर बसवलेला असतो. पंख्याचीच हवा त्याला थंड ठेवते. आणि हवा बंद पडली तर आग लागू नये म्हणून त्याच्यावर एक थर्मल फ्यूज जोडलेला असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेले की तो कायमचा तुटतो. पुन्हा जुळत नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. एक, दोन, तीनवर काहीच नाही आणि चारवर ब्लोअर सुसाट, हे रेझिस्टन्सचा थर्मल फ्यूज गेल्याचे नेमके लक्षण. तो फ्यूज तीनही वेगांच्या सामाईक वाटेवर असतो, चौथ्याच्या नाही. या एका निरीक्षणातून आणखी बरेच कळते: मोटर चांगली आहे, मुख्य फ्यूज चांगला आहे, अर्थ चांगला आहे, नाहीतर चारवर तरी ती कशी फिरली असती? उलट चार सोडून बाकी तीन वेग चालत असतील, तर चौथ्याची थेट वाट तुटलेली आहे: नॉबच्या स्विचचा तो एक कॉन्टॅक्ट, तिथवरची वायर किंवा काही गाड्यांत सर्वांत वरच्या वेगासाठी असलेला स्वतंत्र रिले. मधला एकच वेग गायब असेल तर एक गुंडाळी तुटली असेल, स्विचमधला एक कॉन्टॅक्ट जळला असेल किंवा त्या दोघांमधली वायर सुटली असेल. कोणत्याही वेगाला काहीच नाही, तेव्हा कुठे पुढचा शोध सुरू होतो.

हा शोध फ्यूजपासून. ब्लोअरचा फ्यूज बहुधा २० ते ४० अँपिअरच्या घरातला असतो. साध्या पात्याच्या फ्यूजमध्ये वीसचा रंग पिवळा, पंचवीसचा पारदर्शक, तिसाचा हिरवा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही, कारण बारीक चीर दिसत नाही. त्याच्या पाठीवर दोन उघडे बिंदू असतात. चावी ऑन करून मीटरने दोन्हींवर बारा व्होल्ट येतात का पाहावे. एकावर येतात, दुसऱ्यावर नाहीत, म्हणजे फ्यूज गेला. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. वायरीचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम चालवण्याची सवय अजून सुटलेली नाही, आणि मी ती अत्यंत धोक्याची मानतो. ठरावीक करंटच्या वर स्वतः उडून वायर वाचवणे एवढेच फ्यूजचे काम. तो वितळला नाही तर डॅशबोर्डच्या आत वायरीचे कव्हर वितळते, तेही गाडी रस्त्यावर असताना.

रिले तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले त्याच पेटीतून काढून तिथे लावून पाहणे. हॉर्नचा रिले अनेकदा जुळतो. चावी फिरवल्यावर किंवा नॉब सुरू केल्यावर रिलेतून ‘टक्’ आवाज आला, तर त्याची कॉइल चालते एवढेच सिद्ध होते. आतला कॉन्टॅक्ट जळलेला असला तरी टक् होतोच, म्हणून केवळ आवाजावर त्याला निर्दोष ठरवू नये.

इथपर्यंत ठीक असेल तर मोटरीच्या कपलरपाशी या. मल्टिमीटर नसेल तर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हवा तसा मिळतो. पण त्याच्या जोडीला साधा टेस्ट लॅम्पही ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल. चाचणी अशी: नॉब चारवर, चावी ऑन, आणि कपलर मोटरीला जोडलेलाच. मीटरचे काळे टोक गाडीच्या उघड्या धातूला, बॉडी अर्थला पक्के लावा. लाल टोक कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून, आधी एका वायरीला आणि मग दुसऱ्या वायरीला टेकवा. दोन आकडे मिळतील. त्या दोन आकड्यांत जवळजवळ सगळे उत्तर असते.

एका वायरीवर बारा, दुसरीवर शून्याजवळ, आणि तरीही मोटर स्तब्ध: विजेने आपले काम केले आहे, मोटरच गेली. दोन्हींवर शून्य: प्लस इथवर पोचतच नाही, मागे फ्यूज, रिले आणि त्यांच्यामधल्या वायरीकडे जा. दोन्हींवर बारा: इथेच बरेच जण फसतात.

दोन्ही वायरींवर बारा दिसतात म्हणजे ‘करंट तर येतोय, मोटर बदला’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असतो. अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी धाटणीच्या सर्किटमध्ये, प्लस रिलेतून थेट मोटरीला दिलेला असतो आणि रेझिस्टन्स व नॉबचा स्विच हे दोन्ही मायनसच्या बाजूला असतात. म्हणजे मोटरीला अर्थ मिळतो तो रेझिस्टन्स आणि स्विच यांच्यातून. ती वाट तुटली की करंट वाहतच नाही. करंट वाहत नाही म्हणजे मोटरीच्या आत व्होल्ट खर्चही होत नाहीत, म्हणून तिच्या पलीकडच्या टोकालाही अलीकडचेच बारा दिसतात. इतकेच नव्हे, ते बारा पलीकडे पोचले याचा अर्थ मोटरीची आतली वाट अखंड आहे! ज्या मोटरीला दोषी ठरवून भंगारात टाकले जाते, तिच्याच बाजूची ही साक्ष असते. खात्री करायची तर मायनसच्या वायरीला एका जाड वायरीने, मध्ये वीस अँपिअरचा फ्यूज घालून, क्षणभर बॉडी अर्थ द्यावा. मोटर फिरली की दोष स्विच, त्याच्यापर्यंतची वायर किंवा अर्थच्या जोडात आहे हे पक्के झाले. हा अर्थ देण्याआधी ती वायर खरोखर मायनसच्या बाजूची आहे ना, हे वायरिंगच्या आकृतीवरून किंवा रंगावरून बघून घ्यावे. चुकून प्लसला दिला तर फ्यूज उडतो.

चौथी शक्यता जास्त कावेबाज. एका वायरीवर बारा, दुसरीवर तीन-चार, आणि मोटर रेंगाळत फिरते. किंवा प्लसवरच आठ-नऊ. दोन्ही वेळा वाटेत कुठेतरी नको असलेला विरोध आहे: गंजलेला जोड, सैल झालेली पिन, आतल्या आत तुटून एक-दोन तारांवर लटकलेली वायर. अशी वायर मीटरला फसवते. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे कपलर काढून मोजले तर एका तारेतूनही पूर्ण बारा दिसतात. लोड आला की तेच बारा गळून पडतात. म्हणून कपलर जोडलेला असताना मोजायचे, आणि म्हणूनच टेस्ट लॅम्प. इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडल्या की झाला तयार. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि वाट पुरती कुजलेली असेल तर मंद जळून लगेच सांगतो. जुने वायरमन मीटर असतानाही खिशातून बल्ब काढतात, त्यामागे हे शहाणपण आहे. जिथे मोटर चांगली पण वायर संशयित, तिथे विरोध कुठे आहे हे शोधायला मीटरची दोन टोके एकाच वायरीच्या दोन टोकांना लावून मोटर चालू असताना मोजावे. चांगल्या वायरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर दोष त्याच तुकड्यात.

मोटरच दोषी आहे असे ठरले तरी तिची खोड कोणती हे पाहावे. चालू नॉबवर मोटरीच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले आणि ती फिरू लागली, तर कार्बन घासून आखूड झाले आहेत. ते स्प्रिंगच्या दाबाने आत फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकलेले असतात. झिजले की टेकत नाहीत, ठोक्याने क्षणभर टेकतात. ही मोटर आज चालेल, उद्या नाही. सकाळी सुरू करताना किंचाळणारा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो, तर बुश कोरडे पडले आहे. तेलाचा थेंब काही काळ तो आवाज दाबतो, पण बुश झिजले असेल तर दांडा हलतो आणि पंखा घरावर घासू लागतो. वेग वाढवला की ‘टर्र टर्र’ असा ठेक्यात आवाज, तर मोटर निर्दोष. पिंजऱ्यात पान किंवा काडी अडकली आहे.

मोटर बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत तीन स्क्रू पुरतात. काढल्यावर पंखा बोटाने फिरवून पाहा. तो सैल, निर्वेध फिरून हळूहळू थांबायला हवा. मग बॅटरीला थेट जोडून पाहता येते. मध्ये फ्यूज हवाच, आणि मोटर हातात सैल धरू नये, सुरू होताना ती झटका देते. मात्र ज्या मोटरीला दोन जाड वायरींशिवाय आणखी बारीक वायरी आहेत, तिला असे थेट जोडू नये. काही नव्या गाड्यांत कार्बन नसलेली मोटर असते आणि तिचा कंट्रोल आतच असतो.

ज्यांच्याकडे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आहे, त्यांना एक वाचन फार काही सांगते. चारवर मोटरीची वायर क्लॅम्पमध्ये धरून अँपिअर पाहावेत. निरोगी मोटर आपल्या फ्यूजच्या बरीच खाली असते. तीसच्या फ्यूजवर पंचवीस-सव्वीस दिसले, तर बुश आवळले आहे किंवा पंखा घासतो आहे, आणि रेझिस्टन्स का जळला याचे उत्तर मिळाले.

ते उत्तर मी जरा सविस्तर मांडतो, कारण दुरुस्तीचा सगळा कस तिथे आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यात जाणारा करंट आटोक्यात राहतो. ती अडली की तो उलट दाब नाहीसा होतो. मघाचेच आकडे घ्या. नॉब तीनवर आहे, पंखा जाम झाला आणि मोटरीच्या गुंडाळ्यांचा विरोध समजा ०.४ ओहम. आता साडेतेरा व्होल्ट एकूण एक ओहमवर पडतात. करंट साडेतेरा अँपिअर. रेझिस्टन्समध्ये निर्माण होणारी उष्णता तिसावरून शंभर वॅटच्या वर जाते, आणि त्याला थंड करणारी हवा त्याच क्षणी थांबलेली असते. मुख्य फ्यूजला मात्र साडेतेरा अँपिअरचे काही वाटत नाही. थर्मल फ्यूज तुटतो आणि गाडी वाचते. यानंतर पंखा मोकळा झाला तर चारवर ब्लोअर चालतो, गॅरेजमध्ये रेझिस्टन्स बदलला जातो, आणि पंखा कशाने अडला होता हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे तो अडतो कशाने? वायपरच्या खाली जी जाळी असते तिथून बाहेरची हवा आत येते. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावली की त्यांची बारीक पाने त्या जाळीतून सहज उतरतात. काही पंख्यापर्यंत जातात. बाकीची जाळीखालच्या पन्हळीत कुजून पाण्याच्या वाटा बुजवतात. मग जूनच्या सरींचे पाणी बाजूने वाहून जाण्याऐवजी साचते आणि हवेच्याच वाटेने ब्लोअरवर उतरते. मोटर काढल्यावर तिच्या बुडाशी गंज किंवा चिखलाची रेघ दिसली तर नवी मोटर बसवण्याआधी बॉनेट उघडून ती पन्हळ साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडते ते पाहा. दुसरे उंदीर. पावसात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि उभ्या गाडीतली ही पेटी त्यांना आवडते. ते फिल्टरचा कापूस करतात, तो पंख्यात गुंडाळला जातो, आणि जमल्यास वायरीही कुरतडतात. फिल्टरच्या कोपऱ्याला दाताचे भोक दिसले की पंखा बाहेर काढून पाहिल्याशिवाय काम संपवू नये.

रेझिस्टन्स जळण्याचे तिसरे कारण त्याच्याच कपलरमध्ये लपलेले असते. पिन सैल झाली की तिथे विरोध वाढतो, चौदा अँपिअरच्या वाटेवर दशांश ओहम म्हणजे वीस वॅट उष्णता, तीही एका टोचणीएवढ्या जागेत. प्लॅस्टिक तपकिरी होते, मग वितळते, पिन आणखी सैल होते. असा कपलर नव्या रेझिस्टन्सवर तसाच दाबून बसवला तर नवा रेझिस्टन्सही त्याच चक्रात जातो. वायरींसकट नवा कपलर मिळतो. तो नीट क्रिंप करून किंवा डाग देऊन, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून जोडावा. नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे इथे टिकत नाही.

ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टन्सऐवजी एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, ॲल्युमिनियमच्या काट्यांसह हवेच्या वाटेवरच बसवलेले. एसीचा पॅनल त्याला बारीक वायरीवरून संदेश देतो, ते मोटरीचा करंट हवा तेवढा सोडते. हे जळले तर ब्लोअर अजिबात चालत नाही, किंवा चावी काढली तरी पूर्ण वेगात चालतच राहतो आणि बॅटरी उतरवतो. मोटरीला थेट बारा दिल्यावर ती छान फिरते, मॉड्यूलला प्लस आणि अर्थ दोन्ही पोचतात, वेग बदलताना संदेशाच्या वायरीवरचा दाबही बदलतो, आणि तरी मोटर हलत नाही, तेव्हा मॉड्यूलवर बोट ठेवावे. ते महाग असते, म्हणून त्याआधी मोटरीचे अँपिअर जरूर मोजावेत. जड झालेली मोटर नवे मॉड्यूलही जाळते.

नवी मोटर बसवल्यावर आवाज आहे पण हवा जेमतेम, असे झाले तर वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत का पाहावे. कुर्ल्याच्या बाजारातून जुनी किंवा दुसऱ्या कंपनीची मोटर आणून कपलर बदलून लावताना हे घडते. हा पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढेच फेकतो, फक्त फार कमी, त्यामुळे दोष सहज लक्षात येत नाही आणि लोक फिल्टर, झडपा, गॅस असे सगळे तपासत बसतात. दोन वायरी अदलाबदल केल्या की हवा पूर्ववत. सगळे जुळल्यावर ग्लव्ह बॉक्स लगेच बंद करू नका. ब्लोअर आधी तीनवर, मग चारवर दहा-दहा मिनिटे चालू ठेवा आणि मोटर आणि रेझिस्टन्स, दोन्हींच्या कपलरना बोट लावून पाहा. कोमट असतील तर ठीक. बोट टेकवत नसेल इतका एखादा तापला असेल, तर तो जोड आत्ताच उघडून पुन्हा करा.